पुस्तकाच्या चालीनं

दिवाळी आणि मे महिन्याची सुटी जवळ आली की घराघरांत एकच प्रश्न निघतो : यंदा कुठं जायचं? उत्तर बहुधा ओळखीच्यांच्या फोटोंतून किंवा सहल कंपनीच्या पत्रकातून येतं. सात दिवसांत नऊ ठिकाणं उरकून माणसं दमून घरी परततात आणि महिन्याभरात कोणतं देऊळ कुठल्या गावातलं, हेही आठवत नाही. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर घरातल्या पुस्तकांच्या कपाटात शोधावं. मराठीत प्रवासाला उठवणारी पुस्तकं भरपूर आहेत आणि त्यांतली सगळीच प्रवासवर्णनं नाहीत. त्यांत स्वयंपाकाची पुस्तकं आहेत, कादंबऱ्या आहेत, जंगलातल्या मुक्कामाच्या नोंदी आहेत, वारीच्या वाटेवरचं लेखन आहे.

पण पुस्तक वाचून निघायचं म्हणजे त्यातल्या गावांची यादी करून ती गाडीनं पालथी घालायची, असं नाही. प्रत्येक पुस्तकाची स्वतःची एक चाल असते. वारीवरचं पुस्तक पायी चालतं. स्वयंपाकाचं पुस्तक हंगाम आणि बाजार धरून जातं. गावावरची कादंबरी एका जागी मुक्काम करते. जंगलावरचं पुस्तक पाणवठ्याशी गप्प बसून राहतं. आपणही त्याच चालीनं गेलो, तर लेखकाला जे दिसलं त्यातलं थोडं आपल्याला दिसतं आणि त्याला न दिसलेलंही काही दिसू लागतं. हा लेख त्या चाली ओळखण्यासाठी आणि त्यानुसार प्रवास आखण्यासाठी आहे.

निघण्याआधी पुस्तक कसं वाचावं

पहिलं वाचन नुसत्या आनंदासाठी करा. दुसऱ्या वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल असू द्या आणि चार गोष्टी टिपून ठेवा. एक, लेखक कोणत्या ऋतूत तिथं होता. मराठी पुस्तकांत तारखेपेक्षा तिथी, पाऊस, पीक किंवा सण यांवरून हे जास्त नेमकं कळतं. दोन, तो कशानं फिरला : पायी, बैलगाडीनं, एसटीनं की आगगाडीनं. तीन, त्यानं काय खाल्लं आणि ते कोणी करून वाढलं. चार, कोणत्या झाडांची, पाखरांची, नद्यांची नावं त्यानं घेतली. या चार नोंदी एका पानावर मावतात आणि तेच पान तुमच्या प्रवासाचा आराखडा होतं.

त्यानंतर नकाशा उघडा. जुन्या पुस्तकातल्या वाटा आज रस्ते झाल्या असतील, काही गावं धरणाखाली गेली असतील, स्टेशनांची आणि जिल्ह्यांची नावं बदलली असतील. हे आधी माहीत असलं तर तिथं गेल्यावर निराशा होत नाही. जुन्या मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं या कामी फार उपयोगी पडतात. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागानं ती संकेतस्थळावर वाचायला ठेवली आहेत. छापून संपलेल्या पुस्तकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांकडे आणि आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या वाचनालयाकडे चौकशी करा. आणि पहिल्या वेळी एकच पुस्तक निवडा. दोन पुस्तकांचे प्रवास एकत्र केले की दोन्हींची चाल मोडते.

चालण्याची पुस्तकं

पायी चालण्यावरच्या मराठी लेखनात वारीचा मान पहिला. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’मधला ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचं 1964 साली प्रसिद्ध झालेलं ‘पालखी’ ही दोन वाचनं एकमेकांना पूरक आहेत. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. दिंडीत भजन एकत्र होतं आणि जेवणाच्या पंगती मात्र जातीनुसार वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिलं, त्यांना ते टोचलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. मोकाशी कथाकार होते. ते वाटेवरच्या माणसांचं बोलणं ऐकत जातात आणि श्रद्धेविषयीचे स्वतःचे प्रश्नही सोबत वागवतात. दोघांपैकी कोणीही वारीकडे लांबून, कौतुकाच्या काचेतून बघत नाही. दोघंही त्या वाटेवर चालली.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. पूर्ण वारी चालणं ज्यांना शक्य नाही, त्यांनी एक टप्पा निवडावा. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाणारा टप्पा सगळ्यात प्रसिद्ध आहे, पण तो लांब आणि अंगावर येणारा आहे. पहिल्यांदा चालणाऱ्यांनी सासवड ते जेजुरी हा टप्पा घ्यावा, असं मी सुचवेन. तो तुलनेनं छोटा आहे. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळून स्वागत होतं आणि परतीसाठी पुणे–मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन गावातच आहे. पुढची वाल्हे, नीरा, लोणंद ही मुक्कामाची आणि विसाव्याची गावंही याच लोहमार्गावर आहेत, त्यामुळे दोन दिवस चालून परत फिरणंही सोपं जातं.

काही गोष्टी पाळायला हव्यात. दिंडीची रांग मोडून मध्ये शिरू नका. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. एखाद्या दिंडीबरोबर चालायचं असेल तर आधी भेटून विचारा आणि जेवणा-राहण्यासाठी त्यांची भिशी असेल ती भरा. पायात नवी पादत्राणं नकोत, सवयीचीच हवीत. बदलायला कोरडे मोजे, डोक्यावरून घ्यायला प्लास्टिकचा कागद आणि पाण्याची बाटली एवढं जवळ असावं. चालता चालता फोटो काढण्यापेक्षा शेजारच्या माणसाला गाव विचारा, यंदा पेरणी झाली का विचारा. मोकाशींचं पुस्तक अशाच बोलण्यांतून उभं राहिलं आहे.

दुसरी वाट नर्मदेच्या काठची. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी परिक्रमेवर आहे आणि त्यांनी स्वतः ती वाट चालली होती. अलीकडच्या काळात जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ आणि भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ वाचून अनेक मराठी माणसं या वाटेला लागली. नदी 1,312 किलोमीटर लांब आहे आणि परिक्रमेत तिचे दोन्ही काठ चालायचे असतात. ती नेहमी उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये ओलांडायची नाही, हा नियम. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुन्या वाटेचा मोठा भाग गेला आहे, त्यामुळे गोनीदांच्या पुस्तकातली शूलपाणीची झाडी आज त्यांना दिसली तशी दिसणार नाही. एवढी मोठी परिक्रमा मनात असेल तर आधी एक छोटी चाल करून पाहा. महेश्वरचे अहिल्याबाई होळकरांचे घाट बघून उत्तर काठानं पूर्वेकडे मंडलेश्वरपर्यंत चाला. नदी आपोआप उजव्या हाताला राहते. सकाळी निघालात तर उन्हं चढायच्या आत पोचाल आणि लांबची वाट आपल्या पायांना झेपेल की नाही, याचा अंदाजही येईल.

डोंगरातली पुस्तकं

गोनीदांनी किल्ल्यांवर ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली, पण किल्ल्याकडे माणसाला ओढून नेण्याची ताकद मला त्यांच्या कादंबऱ्यांत जास्त वाटते. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते, ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याच्या परिसरात, ‘रानभुली’ रायगडावर. या कादंबऱ्या वाचून गेलं की किल्ल्याचे तट-बुरूज बघताना तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या माणसांची आठवण राहते. आपण बहुतेकदा इतिहासातल्या मोहिमा आठवत गड चढतो आणि माचीवरच्या वस्तीत पाणी मागून पुढे निघतो. गोनीदा त्या वस्तीलाच कथेच्या मध्यभागी आणतात.

राजमाचीसाठी सोपा आराखडा असा. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे साधारण पंधरा किलोमीटरची वाट आहे. ती पायीच जावी, कारण बुधा मुंबई सोडून आपल्या डोंगराकडे परततो ती ओढ जीपमध्ये बसून कळत नाही. पहाटे निघा. उधेवाडीतल्या एखाद्या घरी जेवणा-मुक्कामाचं आधी कळवून ठेवा. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले एकाच दुपारी उरकू नका. एक संध्याकाळी चढा, दुसरा सकाळी. मधल्या खिंडीतल्या भैरवनाथाच्या देवळापाशी बसून कादंबरीतलं एखादं प्रकरण वाचा. भर पावसात ओढे अचानक फुगतात, म्हणून नवख्यांनी भाद्रपद सरताना किंवा दसऱ्याच्या सुमारास जावं. तेव्हा डोंगर हिरवा असतो आणि वाट पायाखाली दिसते.

रायगडाचं नियोजन थोडं वेगळं करायला हवं. 2025 साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत रायगड आहे. ‘रानभुली’मधली मनी जो गड ओळखते तो पहाटे आणि सूर्यास्तानंतर उरतो, गर्दीच्या वेळी नाही. म्हणून रोपवेनं दुपारी वर जाऊन संध्याकाळी खाली येण्यापेक्षा शक्य असेल तर गडावर किंवा पायथ्याशी एक रात्र काढा. कादंबरीबरोबर वाटांची माहिती देणारं एक पुस्तकही हवं. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ अनेक वर्षं गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत राहिलं आहे ते त्याच्या नेमकेपणामुळे.

स्वयंपाकाची पुस्तकं

पाककृतीचं पुस्तक प्रवासाला कसं नेईल, असं वाटणाऱ्यांनी एक प्रयोग करावा. पुस्तकातली अशी एक कृती शोधा, जिचा मुख्य जिन्नस तुमच्या गावच्या मंडईत मिळत नाही, किंवा मिळतो पण ताजा नसतो. तो जिन्नस कुठं पिकतो, कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या चुलीवर शिजतो, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की प्रवास ठरला.

ओल्या काजूची उसळ घ्या. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर बाजारात येतात. नंतर गेलात तर सुके मिळतील, पण त्या उसळीची चव त्यांना येत नाही. खानदेशी भरिताला जळगावकडची मोठी, फिकट हिरवी वांगी लागतात आणि ती कपाशीच्या किंवा तुरीच्या काट्यांवर भाजली तरच त्याला तो धुराचा वास येतो. हे थंडीचं काम. अलिबागच्या बाजूला शेतात मडकं लावून भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा शिजवतात ती पोपटी, तीही थंडीतच. सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्यात ज्वारीचा हुरडा पौष-माघात मिळतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथं हुरड्याला गेलात तर संत चोखोबांचा अंत याच गावात झाला, हेही आठवा. त्यांची समाधी मात्र पंढरपूरला आहे.

कोणतं पुस्तक हाताशी घ्यावं? लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचं. त्यातून त्या काळच्या मुंबईतल्या पाठारे प्रभू घरांचा संसार डोळ्यांसमोर उभा राहतो. मुंबईकरांना त्यासाठी लांब जायला नको. मासळीच्या कृती वाचून एका पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकला जा. 1875 सालापासूनचा हा धक्का उजाडायच्या आधीच जागा होतो. मात्र जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्या काळात जाऊ नका. फोटो काढण्याआधी तिथल्या बायकांना विचारा. त्यांच्या कामाचे ते सगळ्यात धावपळीचे तास असतात. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 पासून मराठी घरांत आहे. तिच्यातली वाटी-चमच्यांची मापं परक्या चुलीपुढेही चालतात. म्हणून परदेशात शिकायला निघालेल्या मुलांच्या सामानात ती अजून जाते. दुर्गा भागवतांचं ‘खमंग’ वाचलं तर पदार्थामागची माणसं आणि चालीरीती कळतात.

या यादीत शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असलंच पाहिजे. मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांच्या खाण्याबद्दलचं हे पुस्तक 2015 साली आलं. तूप, दूध, महागडा मसाला यांच्याशिवाय चालणारी चूल त्यात आहे, आणि ती चूल प्रादेशिक पदार्थांच्या पुस्तकांत का आली नाही, हा प्रश्नही आहे. ते वाचल्यावर ‘मराठवाड्याचं जेवण’ म्हणून हॉटेलात जे ताट समोर येतं त्याकडे आपण नव्या नजरेनं बघतो. हे जेवण कोणाच्या घरचं, असा प्रश्न मनात घेऊन फिरलं तर प्रवास जास्त खरा होतो.

घरगुती जेवणाला गेलात तर पैसे आधी ठरवा आणि आनंदानं द्या. स्वयंपाकघरात येऊ का, असं विचारा. होकार मिळाला तर हातात मोबाइल घेण्याऐवजी लसूण सोलायला घ्या. कृती लिहून घेतली तर खाली त्या बाईंचं आणि गावाचं नाव लिहा.

गावावरच्या कादंबऱ्या

कादंबरीतलं गाव बघायला जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला एकच : कमीत कमी तीन रात्री एकाच ठिकाणी राहा. जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ हे त्यांच्या आरवली गावावरचं पुस्तक आहे. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला शिरोड्याजवळ हे गाव आहे. वेतोबाच्या देवळात देवाला वाहिलेल्या प्रचंड चपला आणि नवसाच्या केळ्यांचे घड दिसतात. शेजारचं शिरोडं म्हणजे वि. स. खांडेकर ज्या शाळेत शिक्षक होते ते गाव. 1930 सालचा मिठाचा सत्याग्रहही तिथं झाला. त्याच वेंगुर्ले तालुक्यात चिं. त्र्यं. खानोलकरांचा जन्म झाला, आणि त्यांच्या कादंबरीला नाव देणारा कोंडुऱ्याचा किनाराही इथंच आहे. कोकण रेल्वेनं कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरून पुढे एसटीनं जावं. एसटीतली माणसं मालवणीत बोलतात आणि दळवींचा कान कुठं तयार झाला ते लगेच कळतं. दिवसा गावात फिरायचं आणि रात्री दोन प्रकरणं वाचायची, असा क्रम ठेवून पाहा.

एक काळजी घ्यावी. अशा पुस्तकांतली माणसं खऱ्या माणसांवरून घेतलेली असतात आणि त्यांची नातवंडं-पतवंडं गावात राहत असतात. अमुक पात्र कोणाच्या घरातलं, अशी चौकशी करत दारोदार हिंडू नका. देऊळ, शाळा, बाजार, वाचनालय, समुद्र या सगळ्यांच्या जागा आहेत. तिथं बसा.

श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या 1987 सालच्या बृहद्‌कादंबरीसाठी खेडला उतरा. तुंबाड जगबुडी नदीच्या काठी आहे. कादंबरीत चार पिढ्या वाहतात, म्हणून एखादा दिवस नुसता नदीच्या कडेनं, भरती-ओहोटी बघत घालवावा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून माणदेशात जायचं असेल तर औंधपासून सुरुवात करा. कादंबरीतला तरुण मास्तर औंध संस्थानाच्या शाळेत नेमलेला आहे आणि त्या संस्थानाची कलादृष्टी औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात आजही बघता येते. तिथून दहिवडी, म्हसवड करत आटपाडीकडे जा. माडगूळकरांनी पाहिलेला दुष्काळी मुलूख आता सगळा तसा राहिलेला नाही. टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पण उघड्या माळावर मेंढरांचे कळप अजून दिसतात. काय बदललं आणि कोणासाठी बदललं, हे गावकऱ्यांनाच विचारा. कादंबरीच्या शेवटी ओस पडलेली वाडी मनात असली की या प्रश्नाचं वजन कळतं.

ऐतिहासिक कादंबरी घेऊन निघणाऱ्यांनी सोबत इतिहासाचं एक पुस्तक ठेवावं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचून थेऊरला गेलात तर 18 नोव्हेंबर 1772 रोजी माधवराव पेशव्यांनी जिथं देह ठेवला ते चिंतामणीचं देऊळ आणि रमाबाईंच्या सती जाण्याची जागा दिसते. पुण्याहून हा अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ वाचून पानिपतला जाणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. त्यांनी त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ही वाचावं. कादंबरी दुःखात सामील करून घेते. सैन्य कुठं अडकलं, धान्य का संपलं, यमुना कशी आडवी आली, हे शेजवलकर सांगतात. दोन्ही वाचून काला अंबच्या स्मारकापाशी उभं राहिलं म्हणजे मैदानाचा सपाटपणासुद्धा काही सांगू लागतो.

जंगलाची पुस्तकं

माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींची ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तकं वाचणाऱ्याला पूर्व विदर्भाची ओढ लागतेच. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतलं नागझिरा आणि नवेगाव आता एका व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. नागझिऱ्यासाठी साकोली जवळचं, रेल्वेनं येणाऱ्यांना गोंदिया सोयीचं. पावसाळ्यात मुख्य क्षेत्र बंद असतं आणि एरवी फेरीचं आरक्षण आधी करावं लागतं.

या पुस्तकांची चाल थांबण्याची आहे. माडगूळकर एका जागी बसून काय येतं-जातं ते बघतात. चितमपल्ली एकेका पक्ष्याचं स्थानिक नाव, घरटं, त्याबद्दलच्या समजुती जमवतात. म्हणून फेरीला निघताना वाटाड्याला सांगा : वाघाच्या मागे धावायचं नाही, एखाद्या पाणवठ्याजवळ गाडी बंद करून थांबू. पाखरांची नावं त्यालाच विचारा. तिथल्या माणसांच्या तोंडची नावं पुस्तकातल्या नावांशी जुळतात तेव्हा फार आनंद होतो. नवेगावला बांधावरून पायी फिरा. हा विस्तीर्ण तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधला आणि त्यांच्या जलव्यवस्थेबद्दल चितमपल्लींनी आदरानं लिहिलं आहे. थंडीत स्थलांतरित पक्षी येतात. महाराष्ट्रात सारस क्रौंचाची वीण टिकून आहे ती मुख्यतः गोंदियाच्याच धानशेतांमुळे. उन्हाळ्यात जायचं असेल तर बुद्ध पौर्णिमेच्या रात्री काही अभयारण्यांत वन विभाग मचाणावर बसून प्राणी बघण्याची सोय करतो. माडगूळकरांच्या चालीशी याहून जवळचा अनुभव आज मिळणं कठीण आहे.

जुनी आणि दूरची प्रवासवर्णनं

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 1858 च्या वेढ्यात ते झाशीत होते. शहराची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी संपादित करून छापलं. पुढे मूळ हस्तलिखिताला धरून दत्तो वामन पोतदारांनी आवृत्ती काढली, ती मिळाली तर तीच घ्या. हा सबंध मार्ग एका सुटीत होणार नाही. एकच पट्टा धरा : ग्वाल्हेर, झाशी, काल्पी आणि कानपूरजवळचं बिठूर, म्हणजे भटजींचं ब्रह्मावर्त. मुंबईहून पंजाब मेल झाशीला जाते. झाशीला दोन दिवस द्या, किल्ला आणि राणीमहालाखेरीज जुन्या शहराच्या गल्ल्या पायी फिरा. भटजींचं सगळं निवेदन गल्लीतून, भुकेल्या आणि घाबरलेल्या माणसाच्या उंचीवरून केलेलं आहे.

परप्रांतात जायचं तर पु. ल. देशपांड्यांचं ‘वंगचित्रे’ मला सर्वांत उपयुक्त वाटतं. ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ आपण सगळ्यांनी वाचलेली असतात, पण ‘वंगचित्रे’मध्ये त्यांनी शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकण्याचा ध्यास घेतला आहे. यातून घ्यायचं ते हे की, निघण्याआधी त्या भाषेतली रोजची पाच-पन्नास वाक्यं शिकावीत आणि बोलपूरला उतरल्यावर चुकत चुकत वापरावीत. परदेशासाठी मीना प्रभूंची ‘तुर्कनामा’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘गाथा इराणी’ अशी भरघोस पुस्तकं आहेत. त्यांतले दर आणि व्हिसाचे नियम आता जुने झाले, ते नव्यानं तपासा. बाईनं एकटीनं, सावकाश, घरांत आणि बाजारांत शिरत देश कसा बघावा, हे मात्र त्यांच्याकडूनच शिकावं.

कोणत्या महिन्यात काय

ज्येष्ठ-आषाढात ‘पालखी’ घ्या. भाद्रपद-आश्विनात गोनीदा आणि राजमाची. कार्तिक-मार्गशीर्षात महेश्वर, झाशी, शांतिनिकेतन. पौष-माघात नवेगावचे पक्षी, खानदेशचं भरीत, मंगळवेढ्याचा हुरडा. फाल्गुन-चैत्रात दळवी, खानोलकर आणि ओले काजू. वैशाखात नागझिऱ्याचे पाणवठे.

सुरुवात मात्र लहान करा. घरापासून एका दिवसाच्या अंतरावरचं एखादं पुस्तक कपाटात नक्की असेल. तिथं पोचल्यावर पहिल्या दिवशी गावच्या वाचनालयात जा. ग्रंथपालांना पुस्तकाचं नाव सांगितलं की बहुतेक ठिकाणी जाणकार माणसाचा पत्ता मिळतो आणि पुढची वाट तोच दाखवतो. परत आल्यावर दोन पानं लिहा : कुठून गेलात, काय बदललेलं आढळलं, कोणी मदत केली, कोणता ऋतू योग्य होता. ती पानं पुस्तकात ठेवा आणि ते पुस्तक पुढच्या माणसाला वाचायला द्या. त्याला निघायला एवढं पुरेल.